दुसऱ्या तासाची परीक्षा : नर्सिंगचे शिक्षक घडवताना आपण नेमकं काय तपासतो?

(सिन्नर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज बोलणारा आवाज एकच असला, तरी टिपणं आम्हा काही जणांची मिळून आहेत. म्हणून सगळं बोलणं ‘आम्ही’ असंच होईल. आम्ही म्हणजे नर्सिंग शिकवणारी, आणि पुढे नर्सिंग शिकवणार आहेत त्यांचे सरावपाठ तपासणारी माणसं. म्हणजे ज्या पद्धतीवर आज टीका करणार आहोत, त्या पद्धतीत आमचा हात आहे. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

विषय ऐकून काही जणांनी विचारलं, की हा तर कॉलेजांच्या आतला मामला, गावासमोर कशाला मांडता? त्याचं उत्तर सरळ आहे. सिन्नर तालुक्यात उपकेंद्रावर, आरोग्य केंद्रात, खाजगी दवाखान्यात तुमचा हात हातात घेणारी सिस्टर कुणीतरी शिकवलेली असते. तिला शिकवणाऱ्या मॅडमनाही कुणीतरी ‘ही शिकवू शकते’ म्हणून पास केलेलं असतं. एका नर्सचा हात चुकला तर एका पेशंटला त्रास होतो. शिकवणाऱ्याचं चुकलं तर ती चूक साठ मुलींच्या हातांत जाते आणि तिथून किती दंडांपर्यंत पोचते, याची मोजदाद कुणाकडे नसते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला आलं, त्याचं मुख्यालय इथून तासाभरावर आहे. तेव्हा हा मामला तसा घरचाच आहे.

एका सरावपाठापासून सुरुवात करू. कॉलेजचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही, कारण हाच पाठ आम्ही अनेक ठिकाणी पाहिला आहे.

एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा. प्रशिक्षणार्थी शिक्षिका बी.एस्सी. झालेली, वॉर्डात काम करून आलेली, हुशार मुलगी. समोर जीएनएमचा वर्ग. विषय : रक्तदाब मोजणे. पाठ टाचण सुंदर, रकाने आखलेले : वेळ, विशिष्ट उद्दिष्टं, आशय, शिक्षकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, साधनं, मूल्यमापन. चार्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. आवाज खणखणीत. प्रस्तावना झाली, व्याख्या झाली, डेमो झाला. पेशंटला पाच मिनिटं बसवायचं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, कफ दंडाच्या मापाचा, हवा सेकंदाला साधारण २ मिलिमीटरच्या वेगानं सोडायची. एकही पायरी चुकली नाही. मग तिनं विचारलं, “समजलं का?” वर्ग म्हणाला, “हो मॅडम.” दोन प्रश्न विचारले, दोन मुली उठल्या, दोन्ही उत्तरं बरोबर आली. घंटा व्हायला आणि पाठ संपायला एकच गाठ.

आम्ही ५० पैकी ४० च्या वर गुण दिले. आजही तोच तक्ता समोर ठेवला तर तेवढेच द्यावे लागतील, कारण तक्त्यात जे विचारलंय ते सगळं तिनं केलं होतं.

आठ-दहा दिवसांनी त्याच वर्गातल्या मुली समुदाय आरोग्याच्या पोस्टिंगला एका गावी गेल्या. गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस. आमच्यापैकी एक जण तिथे होती. तिनं नोंदवही उघडली. पानभर बीपी लिहिलेले. १२०/८०, ११०/७०, १२०/८०, १३०/८०, १२०/८०. जवळजवळ सगळे आकडे शून्यावर संपणारे. बाकावर एक बाई बसली होती, सातवा महिना. घरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायचं काम, दिवसभर एका जागी बसून. पाय सुजलेले. ती म्हणाली, “बसून बसून सुजलेत.” मुलींनीही मान डोलावली. तिच्या कार्डावर बीपी लिहिला होता १२०/८०.

तिथल्या जुन्या सिस्टरांनी कार्ड पाहिलं, पाय पाहिले, आणि काही न बोलता पुन्हा कफ बांधला. १४६/९६. थोडा वेळ बाईला शांत बसू दिलं, पुन्हा मोजला, लघवी तपासली, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. गरोदरपणात १४०/९० आणि त्याच्या वर गेलं की दुर्लक्ष करायचं नसतं, हे इथल्या प्रत्येक आशाताईला माहीत आहे. त्या मुलींनाही माहीत होतं. पेपरात लिहून आल्या होत्या. पण ज्या आकड्यावरून हे ओळखायचं तो आकडाच खरा नव्हता.

बाई पुढे सुखरूप बाळंत झाली, हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकता येईल.

आता प्रश्न असा, की ही चूक कुणाची? मुलींची, असं पटकन म्हणता येईल. आमचं म्हणणं, त्या चुकीत आमच्या ४० गुणांचा वाटा आहे.

तो तक्ता जरा बारकाईनं बघू या. उद्दिष्टं स्पष्ट मांडली का? प्रस्तावना समर्पक होती का? आवाज, भाषा, फळ्याचा वापर, साधनांचा वापर, वर्गावर नियंत्रण, वेळेचं भान, पोशाख नीटनेटका. कॉलेज बदललं की शब्द बदलतात, रोख तोच राहतो. यातली प्रत्येक ओळ शिक्षिकेकडे बघते. खोलीत तिच्याशिवाय तीस-चाळीस माणसं बसली आहेत आणि हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी चाललाय, हे तक्त्यावरून कळतही नाही. विद्यार्थ्यांचा संबंध येतो तो ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ या एका ओळीत. आणि सहभाग कसा ठरलेला असतो, ते इथे बसलेल्या विद्यार्थिनी आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. कोणत्या प्रश्नाला कोण उठणार हे आदल्या संध्याकाळी होस्टेलवर ठरतं. त्यात मुलींना दोष देत नाही. आपल्या सिनिअर ताईची परीक्षा आहे, तिला साथ द्यायला नको?

पाठ टाचणातला शेवटचा रकाना आठवा. मूल्यमापन. त्यात काय लिहिलेलं असतं? ‘रक्तदाब म्हणजे काय?’ ‘रक्तदाब मोजण्याच्या पायऱ्या सांगा.’ हा रकाना तास व्हायच्या आधीच भरलेला असतो. तासात काय घडलं याच्याशी त्याचा संबंध नसतो. उद्दिष्ट लिहिलंय ‘विद्यार्थी अचूक रक्तदाब मोजतील’, आणि तपासायला प्रश्न आहे व्याख्येचा. पोहायला शिकवून पाण्याची व्याख्या विचारण्यासारखं झालं हे.

वरचा आराखडाही बघायला हवा. भारतीय नर्सिंग परिषदेच्या ज्या आराखड्यावर एम.एस्सी.च्या कितीतरी तुकड्या शिकून बाहेर पडल्या, त्यात वर्षभरात १० सरावपाठ आणि २ सूक्ष्मपाठ आहेत. बाहेरच्या परीक्षकांसमोरच्या प्रात्यक्षिकाला १०० गुण : एका सरावपाठाला ५०, अध्ययन-साधनाला २५, आणि चाचणी किंवा रोटेशन प्लॅन तयार करण्याला २५. आराखडा कागदावर वाईट नाही. विद्यार्थ्यांच्या घटनानोंदी ठेवा, निरीक्षणाचे तक्ते बनवा, चाचण्या घेऊन तपासा, हे सगळं त्यात आहे. पण शेवटच्या दिवशी, बाहेरच्या माणसासमोर, जे मोजलं जातं त्यात अर्धं वजन एका तासाला मिळतं. आणि बहुतेक वेळा तो तास चार भिंतींतला असतो. नर्सिंग शिकवण्याची खरी जागा पेशंटची खाट. ती खाट या १०० गुणांत शोधावी लागते.

तिकडे बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी २०२१ मध्ये अधिसूचित झालेला नवा अभ्यासक्रम आला. तो सक्षमतेवर आधारलेला आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत ऑस्की आली, म्हणजे टप्प्याटप्प्यांवर उभं करून प्रत्येकाचं कौशल्य ठरलेल्या निकषांवर तपासणं. रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथून मांडली. तिच्या जोडीला प्रत्यक्ष पेशंटवरचं काम परीक्षकानं डोळ्यांनी पाहणंही आलं. चांगलं झालं. पण गंमत बघा. विद्यार्थ्याला आपण विचारतो ‘करून दाखव’, आणि त्याला शिकवणाऱ्याला विचारतो ‘बोलून दाखव’.

हे असं का झालं? आमच्या मते याची दोन मुळं आहेत.

पहिलं मूळ शाळेतलं. सरावपाठ, टाचण, निरीक्षकाचा शेरा, ही सगळी परंपरा आपल्याकडे डी.एड., बी.एड. मधून आली. तिच्यात सूक्ष्म अध्यापन आलं, ते मुळात अमेरिकेत स्टॅनफर्डला, १९६० च्या दशकात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेलं. एनसीईआरटीनं त्याचं भारतीय रूप बसवलं, ते ३६ मिनिटांचं. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रत्याभरण घ्यायचं, १२ मिनिटं नव्यानं आखणी करायची, ६ मिनिटं पुन्हा शिकवायचं आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. यात सगळ्यात जास्त वेळ कशाला आहे? नव्यानं आखणी करायला. म्हणजे ज्यांनी हे बसवलं त्यांना माहीत होतं की शिक्षक पहिल्या पाठात घडत नाही. काय चुकलं ते कळल्यावर तो पुढचा पाठ कसा बदलतो, तिथे घडतो. आपण नर्सिंगमध्ये हे घेताना पहिली सहा मिनिटं ठेवली, फार तर पुढची सहा. ‘पुन्हा’ हा शब्द गळाला. वेळ नाही, मुलं जास्त, हॉल मिळत नाही. कारणं खरी आहेत, पण गळालं ते बीच होतं.

दुसरं मूळ नर्सिंगचं स्वतःचं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली. तिथे प्रत्येक शिकाऊ नर्सचा दर महिन्याला एक तक्ता भरला जायचा. एका भागात तिचं वागणं : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप. दुसऱ्या भागात हातचं काम : ड्रेसिंग वगैरे. शेरे उत्कृष्टपासून शून्यापर्यंत. त्या तक्त्यात दोषही होते. शील तपासण्याच्या नावाखाली मॅट्रनच्या मर्जीला भरपूर वाव होता. पण त्यात एक शहाणपण होतं. तो तक्ता महिन्याचा होता, एका तासाचा नव्हता, आणि त्यातल्या नोंदी वॉर्डात पाहिलेल्या कामावरच्या होत्या. आपण त्यातलं काय उचललं? पोशाख, आवाज, टापटीप. काय सोडलं? महिना आणि वॉर्ड.

आता ‘सक्षमता’ या शब्दाकडे येऊ. पात्रता आणि सक्षमता यांत आपण गल्लत करतो. पात्रता कागदावर असते : बी.एस्सी., त्यानंतर वर्षभराचा अनुभव, मग एम.एस्सी. सक्षमता कामात दिसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये नर्सिंग शिक्षकांसाठीच्या गाभ्याच्या सक्षमता जाहीर केल्या. आठ क्षेत्रं आहेत. प्रौढांचं शिकणं, अभ्यासक्रम, प्रत्यक्ष नर्सिंग, संशोधन, संवाद, नीती आणि कायदा, देखरेख आणि मूल्यमापन, नेतृत्व. हे वाचल्यावर आपला तक्ता पुन्हा वाचा. आठांपैकी किती ठिकाणी तो पोचतो? फार तर दोन, तेही वरवर.

जॉर्ज मिलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९० मध्ये चार पायऱ्या मांडल्या, त्या आमच्या फार कामी येतात. माहीत आहे. कसं करायचं ते माहीत आहे. करून दाखवता येतं. आणि चौथी, प्रत्यक्ष कामात करतो, कुणी परीक्षा घेत नसतानाही. आमची ती प्रशिक्षणार्थी मुलगी तिसऱ्या पायरीवर उत्तम उभी होती. शिकवून दाखवलं तिनं. चौथ्या पायरीवर ती कुठे आहे हे आम्ही पाहिलंच नव्हतं. आणि तिचे विद्यार्थी? ते पहिल्या पायरीवर होते. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

मग चौथी पायरी बघायची कशी? आमची सूचना साधी आहे, आणि ती त्या नोंदवहीतल्या शून्यांपासून निघते.

बीपीच्या साध्या यंत्रावर, डायल असो की पारा, खुणा दोन-दोन मिलिमीटरवर असतात. म्हणजे नीट वाचलेला आकडा ०, २, ४, ६ किंवा ८ यांपैकी कशावरही संपू शकतो. भरपूर माणसांचे बीपी मोजले, तर शून्यावर संपणारे साधारण पाचांत एक असायला हवेत. ५० आकड्यांत दहाच्या आसपास. पन्नासांत चाळीस शून्यं दिसली, तर समजायचं की कुणीतरी ऐकत नाहीये, अंदाज लिहितंय. डिजिटल यंत्र असेल तर दहाही अंक येतात, मग दहांत एक. यासाठी ना संगणक लागतो, ना सॉफ्टवेअर. वही आणि पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत हे मोजता येतं. ही युक्ती आमची नाही. रक्तदाबाच्या संशोधनात आकड्यांचा खरेपणा असा फार वर्षं तपासला जातो. शिकवणाऱ्याची पारख करायला मात्र आपण ती कधी वापरली नाही.

इथे कुणीही सुज्ञ माणूस हात वर करेल, आणि करायलाच हवा. तो म्हणेल, हा तर अन्याय झाला. मुली आळशी असतील, वॉर्डात गर्दी असेल, कफ फाटका असेल, मोठ्या मापाचा कफच नसेल. एका गावच्या मुलीला इंग्रजी पुस्तक वाचायला त्रास होतो, दुसरीला होत नाही. या सगळ्याचं खापर त्या प्रशिक्षणार्थीवर का फोडायचं? तिला मिळाला एक तास. शिवाय शून्यं मोजतात हे एकदा कळलं, की मुली १२२/७८ लिहायला लागतील. तेही खोटंच, फक्त जास्त हुशार खोटं.

हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पूर्ण मान्य. म्हणूनच आमचं म्हणणं असं नाही की विद्यार्थ्यांच्या आकड्यांवर शिक्षकाला गुण द्या. तसं केलं तर नवा खोटेपणा जन्माला येईल. आमचं म्हणणं एवढंच, की ती वही त्या प्रशिक्षणार्थीच्या हातात द्या आणि गप्प बसा. ती काय बघते ते बघा.

तिला शून्यं दिसतात का? दिसली तर ती काय म्हणते? ‘मुलींनी नीट लिहिलं नाही’ म्हणते, की ‘यांना आवाजच ऐकू येत नसावा’ म्हणते? ती मुलींना रागावायला जाते, की एकीजवळ बसून तिच्याबरोबर ऐकते? आणि मग तिचा पुढचा तास बदलतो का? परीक्षा घ्यायची तर या दुसऱ्या तासाची घ्या. पहिला तास पाठ करून येतो. दुसरा तास पाठ करता येत नाही, कारण त्यात काय असणार हे विद्यार्थ्यांच्या चुका ठरवतात. मुलींनी आकडे रंगवले असतील तर तेही तिला ओळखता यायला हवं. तीच तर तिची विद्या.

व्यवहारात हे कसं बसेल? गुण वाढवायची गरज नाही, नवी समिती नको. ५० गुणांचा सरावपाठ आहे, त्याचेच तीन तुकडे करा. पहिला तास, १५ गुण. मग दोन-तीन दिवसांनी त्याच विद्यार्थ्यांबरोबर वॉर्डात किंवा उपकेंद्रावर अर्धा दिवस, तिथे तिनं काय पाहिलं याची तिच्या हातची एक पानाची नोंद, १५ गुण. मग दुसरा तास, त्या नोंदीवरून आखलेला, २० गुण. बाहेरचे परीक्षक एका दिवसासाठी येतात, त्यांना दोन्ही तास बघता येणार नाहीत, हे कळतं आम्हाला. त्यांनी नोंद वाचावी, दुसरा तास बघावा, आणि एकच प्रश्न विचारावा : ‘पहिल्यात काय चुकलं म्हणून हे बदललंत?’ ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येतं तो शिकवू शकतो. आवाज थोडा बारीक असला तरी चालेल.

आणि तपासणाऱ्यांत वॉर्डातल्या सिस्टरचं एक मत असू द्या. आज कॉलेजचे शिक्षक आणि वॉर्डातल्या सिस्टर यांच्यात एक अदृश्य भिंत आहे. शिकवणारे म्हणतात, वॉर्डात पुस्तकाप्रमाणे काही होत नाही. वॉर्डवाले म्हणतात, यांना फक्त पुस्तकच येतं. मधल्या मधे मुलगी दोन बीपी शिकते, एक परीक्षेसाठी आणि एक कामासाठी. प्रशिक्षणार्थी शिक्षक ही भिंत ओलांडतो की तिला आणखी एक वीट लावतो, हे त्या सिस्टरइतकं कुणालाच नीट सांगता येणार नाही. सिस्टरांना कामाचा भार किती आहे ते ठाऊक आहे. म्हणून लांबलचक फॉर्म नको, तीन ओळी पुरेत.

आता अवघड भाग. नापास कोण करणार?

इथे आम्ही आमच्याबद्दल बोलतो. आम्ही असे पाठ पाहिले आहेत, ज्यात प्रशिक्षणार्थीनं एक पायरी ठार चुकीची शिकवली, आणि आम्ही चहा पिताना तिला ‘एवढं बघून घ्या’ म्हणून सांगितलं आणि गुण दिले. का? तिनं फी भरली आहे, तिचं लग्न ठरलंय, कॉलेजनं आपला आदरसत्कार केलाय, पुढच्या वर्षी आपली मुलं त्यांच्याकडे परीक्षेला जाणार आहेत. आणि तक्ता तर आपल्या बाजूनंच आहे. त्यात ‘आशय अचूक होता का’ ही पंधरांतली एक ओळ. ती कापली तरी बाकीच्या चौदा ओळी तिला तारून नेतात. ज्या तक्त्यात चुकीचं शिकवणं आणि चार्टवरची अक्षरं बारीक असणं यांना सारखंच वजन आहे, त्या तक्त्यानं आम्हाला धीट व्हायची गरजच ठेवली नाही. म्हणून आमची दुसरी मागणी : काही ओळी अशा हव्यात, की तिथे चुकलं तर बाकी कितीही चांगलं असो, पाठ पुन्हा. पेशंटच्या जिवाशी संबंध असलेली चुकीची गोष्ट शिकवली, तर पुन्हा. पेशंटची परवानगी न घेता, त्याला आडोसा न देता त्याच्यावर डेमो केला, तर पुन्हा. ‘नापास’ शब्द नको असेल तर ठेवू नका. ‘पुन्हा’ म्हणा. ३६ मिनिटांच्या त्या जुन्या आराखड्यात तो होताच.

विद्यार्थिनींच्या प्रोसिजर बुकाबद्दलही एक वाक्य बोलायला हवं. पोस्टिंग संपत आलं की मुली सह्यांसाठी धावतात. दहा बीपी, पाच कॅथेटर, अमुक इतक्या डिलिव्हऱ्या पाहिल्या. ट्यूटर खुर्चीत बसून पानामागून पान सही करतात. ही सही काय सांगते? ‘मी पाहिलं’ असं सांगते. बहुतेकदा पाहिलेलं नसतं. नव्या शिक्षकाची सक्षमता तपासायची तर त्याला एका दिवसाची अशी पुस्तकं द्या, आणि बघा तो कोणत्या पानावर सही करायला नकार देतो. नकार देता येणं हेही शिकवणाऱ्याचं कौशल्य आहे, आणि आपण ते कुठेही शिकवत नाही.

शेवटाकडे येताना त्या उपकेंद्रावर परत जाऊ. बाईला डॉक्टरांकडे पाठवल्यावर त्या जुन्या सिस्टरांनी काय केलं ते सांगायचं राहिलं.

त्यांनी मुलींना ओरडलं नाही. मुलींना खाली सतरंजीवर बसवलं. एकमेकींचा बीपी मोजायला लावला. नियम एकच. तोंडानं आकडा सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहायचा, आणि आवाज ऐकू आला नाही तर चिठ्ठीवर फुली मारायची. फुली मारली म्हणून कुणी काही बोलणार नाही. मग चिठ्ठ्या उघडल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर फुल्या होत्या.

या मुलींनी जीएनएमच्या वर्गात, सरावपाठात, सगळीकडे ‘ऐकू आलं का’ला ‘हो मॅडम’ म्हटलं होतं. त्यांना पहिल्यांदा कुणीतरी ‘नाही’ म्हणायची जागा दिली. मग सिस्टरांनी एकेकीच्या कानातला स्टेथो बघितला. काहींनी तो उलटा घातला होता, कानाच्या दिशेनं नळ्या वळलेल्याच नव्हत्या. काहींनी धमनी न चाचपता कुठेही घंटा टेकवली होती. काहींनी हवा इतक्या झपाट्यानं सोडली होती की आवाज यायच्या आत काटा खाली. प्रत्येकीची चूक वेगळी होती. म्हणून प्रत्येकीला वेगळं सांगितलं. दुपारपर्यंत वहीत १२४, ११८, १०६ असे आकडे यायला लागले. खरे आकडे.

आमच्या तक्त्यावर या सिस्टरांना किती गुण मिळाले असते? टाचण नाही, चार्ट नाही, प्रस्तावना नाही, वेळेचं भान तर अजिबात नाही, जेवणाची वेळ टळून गेली होती. त्या कुठल्याही कॉलेजच्या शिक्षकवर्गात नाहीत. आणि त्या दिवशी त्या गावात शिकवणारी एकमेव व्यक्ती त्याच होत्या.

ती एम.एस्सी.ची मुलगी वाईट शिक्षिका नाही, हे पुन्हा सांगतो. तिला हे सगळं करता आलं असतं. आम्ही तिला कधी करायला सांगितलं नाही, आणि करते का ते बघितलंही नाही. पुढे आम्ही ती वही तिला नेऊन दाखवली. ती बराच वेळ पान बघत राहिली. मग तिनं विचारलं, “मला त्यांचा अजून एक तास मिळेल का?”

वेळापत्रकात तसा तास नव्हता. आमची मागणी काय आहे म्हणाल, तर एवढीच : तो तास वेळापत्रकात असायला हवा, आणि गुण त्याला असायला हवेत.

थांबतो. आता प्रश्न घेऊ. आणि इथे पोस्टिंगला आलेल्या मुली मागे बसल्या आहेत, पहिला प्रश्न त्यांचा.